शुक्रवारचं रांधलेलं

काका,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग ताजाच आहे. आज डिमोनात तुमच्या अझकाराला, वर्षाच्या प्रार्थनेला, आले ती तुमच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून नाही. चार लोकांत तुमचं पितळ उघडं पाडायला आले.

यरुशलेमच्या त्या ऑफिसात सगळे तुम्हाला नावाने हाक मारत, कडाकडा भांडत. तुम्ही बाबांचे दोस्त, म्हणून मी एकटी काका म्हणायची, आणि काकांशी भांडायचं नसतं. आपला प्रोग्राम दवाखान्यांत चालायचा. स्वतःचे कोणते भाग सारखे लागतात ते तो दिवसभर हेरायचा, तेवढे यंत्राच्या भाषेत उतरवून घ्यायचा आणि मग सुसाट पळायचा. बंद केला की सगळं विसरायचा. सकाळी पुन्हा पहिल्यापासून, आणि खिडकीपुढे आजारी माणसं ताटकळत. मी म्हटलं, "काका, बंद करताना ते सगळं साठवून ठेवू. शनिवारी चूल पेटवायची नसते म्हणून आई शब्बाथचं जेवण शुक्रवारीच रांधून विजेच्या गरम प्लाटावर ठेवते, तसं. सकाळी नुसतं वाढायचं." तुम्ही सगळ्यांसमोर हसताय, मला अजून दिसतं. "पोरी, लोकांना शिळं खाऊ घालणार? उद्या प्रोग्राम बदलला म्हणजे?"

त्यावरही मी तोड काढली. सुरू होतानाच तपासायचं. प्रोग्राम बदललेला असेल तर जुना साठा फेकून द्यायचा. त्यासाठी किती खपले! आणि साहेबलोकांपुढे तुम्ही उभे राहून म्हणालात, "माझी कल्पना." शब्बाथचा दाखलासुद्धा माझाच दिलात. जाब विचारला तर, "अगं, घरातल्या घरात माझं-तुझं काय करतेस?" बढती मात्र घरातल्या घरात वाटली नाहीत.

आज मी सगळ्या म्हाताऱ्यांदेखत उभी राहिले, काका न म्हणता तुमचं नुसतं नाव घेतलं आणि काय घडलं ते सांगितलं. तुमचा मुलगा हिब्रूत ओरडला, "आज तरी नको!" मला बरं वाटलं, फार बरं वाटलं. काकू तेवढ्या शांत होत्या. स्वयंपाकघरात नेऊन गोड पोह्यांच्या मलिद्याची बशी हातात देत म्हणाल्या, "मला ठाऊक होतं गो. घरी बोलायचे ना, ब्रेन त्या पोरीचं, माझं नाय."

स्वयंपाकघरात, काका! मराठीत, बायकोजवळ! ऑफिसात काय तोंडाला कुलूप होतं? मी तुम्हाला माफ केलेलं नाही, करणारही नाही. हे पत्र तुमच्या कबरीवर ठेवायचीसुद्धा माझी इच्छा नाही, फाडून टाकीन. पण काकूंना ते वाक्य मी पुन्हा म्हणायला लावलं.