गाडी भरवशाची आहे, आबा

आबा, तुमची मोटारसायकल काल आरटीओत पुन्हा पाच वर्षांसाठी पास झाली. तीच टू-स्ट्रोक, जिच्याबद्दल तुम्ही घरात कायमचं सांगून ठेवलं होतं की ही भरवशाची नाही, हिच्यावर रोजचं काम टाकू नये. तुम्हाला जाऊन तेरा वर्षं झाली, पण ते वाक्य अजून घरातच आहे. मागच्या आठवड्यात जळगावहून धाकट्याचा फोन आला तेव्हा त्याने तेच माझ्यापुढे ठेवलं. "अक्का, पासिंगच्या भानगडीत पडू नको. भंगारात दे तिला आणि चार्जिंगची स्कूटर घे. धुळ्याहून नरडाणा रोज जाणं-येणं म्हणजे खेळ आहे का? आबाच म्हणायचे ना, भरवशाची नाही म्हणून." मी म्हटलं, "आबा चुकत होते." तो म्हणाला, "बरं बाई, तू आणि तुझी फटफटी." तुमच्याबद्दल असं मी आजवर कधी बोलले नव्हते. त्याच्याशी बोलले, तर तुम्हालाही सांगायला हवं.

तुम्ही गाडी फार जपायचात. कचेरीत आयुष्यभर सायकलने गेलात आणि गाडी अंगणात जुन्या चादरीखाली उभी. रविवारी सकाळी चादर निघायची. मग तुम्ही चहाच्या पेल्याने ऑइल मोजून टाकीत ओतायचात, झाकण लावायचात, आणि मी मागून कॅरियर धरून गाडी डावी-उजवी हलवायची, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळावं म्हणून. त्यानंतर पांझरेच्या पुलापर्यंत एक फेरी, तीही चाळीसच्या खाली. इंजिन ओरडलेलं तुम्हाला चालायचं नाही. घरी आल्यावर फडक्याने पुसून पुन्हा चादर. आणि तरीही दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काळा, सायलेन्सर कार्बनने भरलेला, आणि तुम्ही गाडी ढकलत मिस्त्रींच्या दारात.

मी अकरावीत होते तेव्हाची गोष्ट तुम्हाला आठवत असेल. मालेगावहून मावशीकडचं लग्न उरकून आपण दोघं परत येत होतो. लळिंगचा उतार लागला. तुम्ही गाडी गिअरमध्येच ठेवली आणि ॲक्सिलरेटरची मूठ पूर्ण बंद केली. मागे वळून म्हणालात, "बघ, आता थेंबभर पेट्रोल न जाळता खाली पोचतो." वारा कानात, उजवीकडे किल्ला, तुम्ही खुशीत. निम्म्या उतारावर मागचं चाक एकदम आवळलं. गाडी घसरत रस्त्याच्या कडेला गेली. आपण पडलो नाही, ते तुमच्या हाताचं कसब, हे मी मान्य करते. तुम्ही खाली उतरून गाडीकडे नुसते बघत राहिलात. एका टेम्पोवाल्याने ती मागे चढवली आणि आपल्याला धुळ्यापर्यंत आणलं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी इंजिन उघडलं. पिस्टनवर उभे ओरखडे होते. ते तुम्हाला म्हणाले, "आबा, गाडीले काय रोग नही. तुम्ही तिले पयू देतस नही, हाऊच रोग शे." तिला पळू न देणं हाच रोग, म्हणाले; मग इंजिन कसं जाम होतं ते मला समजेल असं सांगितलं. या इंजिनाला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं. मूठ बंद म्हणजे पेट्रोल बंद, म्हणजे ऑइलही बंद, आणि उतारावर चाक तर इंजिनाला फिरवतच राहतं. कोरडं फिरून ते जाम होतं. मला ते पटलं. मी म्हटलं, "आबा, उतारावर तुम्ही मूठ बंद केली होती." तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, "तू गप्प बस. गाडीतलं तुला काय कळतं?" मिस्त्री पाना घेऊन उगाच दुसऱ्या गाडीकडे वळले. मी गप्प बसले. इंजिन नवं झालं, पण घरी तुम्ही सगळ्यांना सांगितलं ते एवढंच, की ही गाडी भरवशाची नाही.

मला तेव्हाही कळत होतं, आबा. गाडीने तुम्हाला दगा दिला नव्हता.

तुम्ही गेल्यावर वर्षभराने मी ती चादरीखालून काढली आणि मिस्त्रींकडे नेली. ते म्हातारे झाले होते, डोळ्याला जाड भिंग. "चालवशी का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "रोज." ते हसले. "मंग चालीन." सकाळी सुरू केल्यावर दोन मिनिटं थांबायचं, गरम झाली की मूठ मोकळेपणी पिळायची, दिवसातून एकदा तरी तिला मनासारखं ओरडू द्यायचं, आणि उतारावर मधून मधून मूठ द्यायची. एवढंच त्यांनी शिकवलं. तेव्हापासून मी रोज सोनगीरवरून नरडाण्याला जाते, कंपनीच्या प्रयोगशाळेत तेलाचे नमुने तपासते आणि संध्याकाळी परत येते. ती कधी बंदच पडली नाही असं मी म्हणणार नाही. दोनदा रिंगा बदलल्या. क्लचची वायर तुटली ती ऐन उन्हाळ्यात. सोनगीरच्या अलीकडे बाभळीखाली बसून मी प्लग किती वेळा घासला असेल, मोजलेलं नाही. सुटे भाग मालेगावच्या जुन्या बाजारात हुडकावे लागतात, आणि पेट्रोलही ती भरपूर पिते. पण तुमच्या हाताखाली, वर्षाकाठी पन्नास फेऱ्यांत ती जेवढी रुसली, तेवढी माझ्याकडे रोज पळून रुसली नाही. इंजिन तुमच्या जपण्याने मरत होतं. हे मी आता गप्प न बसता सांगते.

काल तपासणीला साहेबांनी चेसिसचा नंबर पाहिला आणि विचारलं, "ही चालवतं कोण?"

"मी."

"कधीमधी?"

"रोज. नरडाण्याला."

त्यांनी मान वर करून मला नीट पाहिलं. "सुरू करा." पहिल्या किकला झाली नाही. मागच्या रांगेतला एक रिक्षावाला म्हणाला, "ताई, धक्का देऊ का?" दुसऱ्या किकला झाली. साहेब म्हणाले, "धूर करते." मी म्हटलं, "टू-स्ट्रोक आहे साहेब, थोडा करणारच. पीयूसी बघा." मी एरवी एवढं बोलत नाही, तुम्हाला माहीत आहे. ते पीयूसी बघून हसले, एक फेरी मारायला लावली आणि सही केली. येताना मी मुद्दाम वाट वाकडी करून लळिंगला गेले. वर चढले, वळले, आणि उतरताना चौथ्या गिअरमध्ये मूठ देत देत खाली आले. काही झालं नाही. काही होणार नव्हतंच.

हे पत्र जायला पत्ता नाही, आणि धाकट्याला मी ते दाखवणार नाही. एक गोष्ट मात्र त्याला माहीत नाही, तशी कुणालाच नाही. माझी ड्युटी नऊची असते आणि रस्ता तासाभराचा. मी सातला निघते. कंपनीत सगळ्यांना वाटतं, मला लवकर यायची सवय आहे. तसं काही नाही, आबा. वाटेत बंद पडली तर हाताशी वेळ असावा, म्हणून निघते.