क्रोमियमची पंगत

देवळाली प्रवरा,
रविवार, दुपार

ती. अंगददादास,

धाकट्या भारतीचा वाकून नमस्कार. वहिनी बरी असेल, श्रीगोंद्यातला गारठा कमी झाला असेल. तुझी प्रकृती ठणठणीत आहे असं ऐकते. (तीच सध्या माझी अडचण आहे, पण ते शेवटी.)

मी बारावीच्या रसायनशास्त्राला तिसऱ्यांदा बसतेय हे इकडे सगळ्या गल्लीला पाठ झालंय. नर्सिंगला जायचं तर हा एकच विषय आडवा पडलाय, आणि यंदा मी त्याला सोडत नसते. तू फोनवर म्हणालास, संक्रमण धातू ऑप्शनला टाक. नाही टाकत, जा! तू स्वतः कॉलेजात हेच शिकवतोस आणि बहिणीला असले सल्ले देतोस? गेल्या दोन्ही वेळी मी तिथंच आपटले. इलेक्ट्रॉन बाहेरच्या फोर-एस उपकवचात आधी का बसतात आणि आतल्या थ्री-डीत मागून का, हे पाठ व्हायचं, पण डोक्यात शिरायचं नाही.

ते शिरलं परवा, पुतणी सृष्टीच्या साखरपुड्यात. पंगतीचं सगळं माझ्याकडं होतं. ओसरीवर मानाचे दोन पाट मांडले (हे फोर-एस) आणि आतल्या खोलीत पाच चटया, एकेका चटईवर दोघं (हे थ्री-डी). मानकरी आधी बसतात आणि जेवून उठायलाही तेच आधी, तेव्हा ओसरी पहिली भरली: मुलाचे वडील आणि त्यांचे मेहुणे सहादेवमामा. मग आत चौघं आले आणि एसटीत बसतात तसे एकेक चटई अडवून बसले. पाचवी रिकामी. दादा, हे क्रोमियम होतं, वाढलेल्या ताटांसकट! आणि क्रोमियम काही असं राहत नाही. बाहेरचा एक जण आत जातो, पाची जागी एकेक झाला की त्याला बरं वाटतं. मी सहादेवमामांना उठवलं. (तू म्हणशील, कशाला? खरं होतं का ते बघायला.)

मानाच्या पाटावरून उठवलं म्हणून मामा तडक बाहेर टेम्पोत जाऊन बसले, त्यांच्यामागं मुलाचे वडील. सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "पोरीचं लगीन मोडलं, तर तुज्या पुस्तकानंच बंब पेटवीन." मी तशीच टेम्पोपाशी गेले आणि मामांना क्रोमियमसकट पहिल्यापासून सांगितलं. सोडियमच्या घरात आतल्या डीच्या खोलीत कोणीच नसतं. जस्ताच्या त्या खोलीत दहाच्या दहा बसलेले. ओसरीवरचे दोघं उठून गेले तरी आतला एकही हलत नाही, म्हणून त्याला संक्रमण धातूंत धरत नाहीत. ज्याची ती खोली अर्धवट भरलेली, तोच खरा संक्रमण धातू. तिथं हलायला जागा असते, म्हणूनच त्यांच्या क्षारांना बहुतेक वेळा रंग असतो. मामा म्हणाले, "म्हंजी मी आत गेल्याबिगर त्या घराला निवांतपना न्हाई?"

मी म्हटलं, नाही. मामा उतरले, मुलाचे वडीलही ओसरीवर परतले; मामा आत पाचव्या चटईवर बसले आणि जिलेबी तीनदा मागून घेतली. साखरपुडा पार पडला. सासूबाई अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण त्यामुळं अभ्यास चांगला होतोय.

तुझी,
भारती

ता. क. : बुधवारी आमच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून तुझं नाव लागलंय म्हणे. दादा, त्या दिवशी तू आजारी पड. ताप, पोट, कंबर, जमेल ते. मी पास झाले तर गल्ली म्हणेल, भावानं केलं. ते मी कोणाला म्हणू देणार नाही, तुलासुद्धा. येईल त्या परीक्षकानं मला जस्त विचारावं, एवढीच इच्छा आहे.

ता. क. दुसरा : निकालाला मात्र बरा होऊन ये. ओसरीवर तुझा पाट मांडते. तिथून तुला कोणी उठवणार नाही.