लाल थराचं वय

१२ एप्रिल
आज इतिहास घडला. कुंभारीला बिरप्पाच्या नव्या विहिरीत उतरलो. वर मुरूम, मग हातभर लाल थर, खाली काळा खडक. लाल थर म्हणजे दोन लाव्हांच्या मधली जुनी, भाजून निघालेली जमीन. साडेसहा कोटी वर्षं! आणि त्यात एक गोल दगड. डायनासोरचं अंडं, शंभर टक्के. भूगोलाचा मास्तर रिटायर झाला तरी नजर रिटायर होत नाही.
संकल्प : कुणाला सांगायचं नाही.

१३ एप्रिल
सगळ्यांना सांगितलं. आमची रुक्मिणी फोटो बघून म्हणाली, बटाटा आहे. इतका संसार केला, पण सायंटिफिक दृष्टी शून्य.

२ मे
पुण्याच्या जिऑलॉजीच्या भार्गवी मॅडमना फोटो मेल केले होते. उत्तर आलं : फोटोवरून सांगता येणार नाही, जूनमध्ये येऊन बघते. म्हणजे नाकारलेलं नाही.

१९ मे
थोडक्यात वाचलो. बिरप्पा विहीर बांधून घ्यायला निघाला होता, गवंडीसुद्धा ठरवलेला. थर कायमचा झाकला गेला असता! बिरप्पा म्हणाला, "सर, वरचा मुरूम लई सैल हाय. पाऊस लागला की खाली यील." समजावलं, कोटी वर्षं टिकलेला थर महिनाभर टिकणार नाही का? शिवाय इथे शोधाचा बोर्ड लागेल, त्यावर तुझं नाव येईल. त्याची बायको गोजाबाई कडेला वाकून मुरूम बघत होती. तो हसला. "आमच्या प्रियंकाला तुमीच शिकवलं. तुमी म्हणताय तर थांबतो की."
अडाणी असला तरी समंजस.

९ जून
दोन दिवस पाऊस. ओल्या थराचा रंग काय खुलला असेल! बिरप्पाचा फोन : मुरूम सुटाय लागलाय, बांधू का? म्हटलं, मॅडम सोमवारी येतायत. तेवढं थांब.

११ जून
बिरप्पा गेला.
मोटर वर काढायला उतरला होता. लाल थर सरकला आणि वरचा सगळा मुरूम अंगावर आला. संध्याकाळपर्यंत उपसत होते.
नोंद : मी उतर म्हटलं नव्हतं. थांब म्हटलं होतं.
रुक्मिणीनं ताट झाकून ठेवलं होतं. जेवलो.

१५ जून
मॅडम आल्या. ढिगाऱ्यात तो गोल दगड सापडला होता. त्यांनी हातोडीनं फोडला. आत पांढरे स्फटिक. म्हणाल्या, लाव्हातल्या पोकळीत अशी गारगोटी तयार होते, हे जीवाश्म नाही. मग विचारलं, विहीर बांधली का नव्हती? म्हटलं, तो त्यांचा घरचा निर्णय.
डावा गुडघा दुखतोय. उद्यापासून फिरायला जायचं.

२२ जून
कुंभारीला गेलो. भूस्खलन ही नैसर्गिक प्रक्रिया कशी असते, हे सोप्या शब्दांत सांगायचं ठरवलं होतं. प्रियंकानं चहा दिला. गोजाबाई समोर बसली. म्हणाली, "मयताच्या दाखल्याला ह्यांचं वय इचारत्यात. आधारवर एक जानेवारी हाय, ते कुणीतरी अंदाजानं टाकल्यालं. तुमी दगडाचं वय सांगता. ह्यांचं खरं किती असंल, सर?"
टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.
आठवून पाहिलं. केस पांढरे होते का? चेहरा येईना. मागची विहिरीची भिंत तेवढी दिसत होती, थरासकट.
"पंचेचाळीस असेल," म्हणालो.
तिनं मान हलवली. प्रियंकाला म्हणाली, "लिही."