परग्रहावरचा मामा

सलाला, ओमान
शुक्रवार, जेवण झाल्यावर

तीर्थरूप देवजीमामा यांना,

भाचा रूपेशचा, इथून जेवढं वाकता येतं तेवढं वाकून नमस्कार. (समोर असतो तर ‘मामा, तू’ असंच म्हटलं असतं, आपल्यात तसंच बोलतात. पण तुम्ही आता छापून येता, म्हणून ‘तुम्ही’.) गुडघा कसा आहे? मामीची साखर उतरली का? मी बरा आहे. कोल्ड स्टोरेजचं काम म्हणजे बाहेर भट्टी आणि आत बर्फ, त्यामुळे माणूस धड शिजत नाही आणि धड गोठत नाही. सारसोळ्याच्या कोळ्याच्या पोराला इथे मासळी भेटते ती विटेसारखी. कोणती आहे ते खोक्यावर वाचून समजतं, आणि वाचण्याचा आपला उजेड तुम्हाला ठाऊकच आहे. सातवीत तुम्ही स्वतः मला शाळेत नेऊन बसवलं होतं आणि तुम्ही फाटकाबाहेर पडायच्या आत मी तुमच्या पुढे घरी पोचलो होतो. तेव्हा अक्षर आणि मात्रा सांभाळून घ्या.

फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तर घरच्या ग्रुपमधून तुम्ही बाहेर पडलात, मला ब्लॉक केलंत, आणि मामीला फोन लावला की मागून तुमचं खोकणं ऐकू येतं आणि मामी ‘राँग नंबर’ म्हणून ठेवते. आमच्या कॅम्पातला यशराज सुट्टीवर घणसोलीला चालला आहे. तो हे पत्र जुईनगरला आणून तुमच्या हातात देईल. त्याला चहा पाजा. तुम्ही ज्याच्यावर लिहिलंत तो मालिकेचा भाग त्यानेही बघितला आहे आणि त्याला आवडला आहे, पण त्याच्याशी वाद घालू नका. तो अंगाने दांडगा आहे.

आता मुद्द्यावर येतो. ‘तारापार’ मालिकेच्या त्या भागावर तुम्ही ‘खाडीकाठ’ साप्ताहिकात जे लिहिलंत, त्याचा फोटो तुमच्या भाचीने, मनस्वीने, मला पाठवला. मी तो मोठा करून करून वाचला. मामा, काय लिहिता तुम्ही. आपल्या घराण्यात याआधी कोणी लिहिलं असेल तर ते होडीवर नाव. गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर तुमची बिल्डिंग उभी राहिली, तळमजल्यावर त्या साप्ताहिकाचं ऑफिस भाड्याने आलं, आणि त्याच महिन्यात तुम्ही समीक्षक झालात. लोक उगाच म्हणतात की यात काहीतरी लागेबांधे आहेत. मला विचाराल तर घरमालकाचा लेख जसाच्या तसा छापावा इतकी समज सगळ्याच संपादकांना असते तर मराठी वृत्तपत्रं कुठच्या कुठे गेली असती.

त्या भागात काय होतं, हे तुम्हाला सांगायची गरज नाही, पण तुम्ही तो बघितला की फक्त त्याच्यावर लिहिलं याची मला खात्री वाटत नाही म्हणून सांगतो. ज्यांचा समुद्र आटून गेला अशा ग्रहावरचा एक प्राणी आपल्या खाडीत उतरतो. सगळे त्याला बघून पळतात. एक कोळीण तेवढी पळत नाही. ती त्याला बसवते, बोंबील तळून घालते, आणि तो खाता खाता रडतो, कारण त्याच्या आजीने त्याला समुद्राची चव सांगितलेली असते. मग तो जातो. एवढंच. कॅम्पात आम्ही पंधरावीस जण एका मोबाईलभोवती बसून बघत होतो, त्यात दोघे केरळचे आणि एक बिहारचा. तो बोंबील खाताना कोणी कोणाकडे बघितलं नाही.

तुम्ही मात्र विज्ञानाची बाजू सांभाळलीत, हे बरं केलंत. कोणीतरी सांभाळायला पाहिजेच. तुम्ही विचारलंत की पाण्यातून वर आलेला प्राणी कोरडा कसा. वा. तुमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये माणूस कोरडा शिरतो आणि घामाने भिजून बाहेर येतो, त्या चमत्काराचा उलगडा तुम्ही इतक्या वर्षांत केला नाही, पण परग्रहाच्या यानात टॉवेल होता की नव्हता हे तुम्हाला लगेच पाहिजे. पुढे तुम्ही लिहिता की तासाभरात कोणालाही मराठी बोलता येणं अशक्य आहे. मामा, मी इकडे आलो तेव्हा पहिल्याच जेवणात मल्याळीमधून ‘अजून भात’ म्हणायला शिकलो, आणि दुसऱ्या जेवणाला आचाऱ्याच्या खानदानाबद्दल दोन शब्द. भूक लागली की भाषा येते. तुमचा मुद्दा खरा आहे फक्त पोट भरलेल्यांसाठी.

आणि तो प्रकाशवर्षांचा हिशोब. (तो तुम्ही स्वतः केलात की तळमजल्यावरून करून घेतलात?) तुम्ही म्हणता, इतकं अफाट अंतर हा प्राणी जाहिराती चालू असताना कसा काय कापतो, लेखकाला काही ताळतंत्र आहे की नाही. एक तर जाहिराती फार वेळ चालल्या, तेवढ्यात आमच्यातले दोघे आंघोळ करून आले. आणि दुसरं म्हणजे मामा, अंतराबद्दल तुम्ही बोलू नये. जुईनगर ते सारसोळे रिक्षाने किती लागतं? तेवढं अंतर तुम्हाला दिवाळीपासून आजपर्यंत कापता आलेलं नाही. तो निदान निघाला तरी.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. प्राणी काय माझा चुलतभाऊ नाही. पण लेखाच्या शेवटी तुम्ही कोळणीला धरलंत. तुमचेच शब्द आहेत: ‘कोळणीच्या भूमिकेतील बाई कुठल्याशा नाट्यवर्गातून पकडून आणलेली दिसते. हिने जन्मात मासळीला हात लावला नसावा. ही कोळीण वाटतच नाही.’

ती आई होती, मामा. तुमची सख्खी बहीण सखू, जी लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून नेरूळच्या बाजारात मासळीची पाटी लावून बसते, आणि जिच्या हाताचा वास साबणाची वडी संपली तरी जात नाही असं तुम्हीच भाऊबिजेला चिडवता. शूटिंगवाले गावात आले, त्यांना खरी कोळीण पाहिजे होती, त्यांनी तिला बघितलं आणि घेतलं. तिने कोणाला सांगितलं नाही, विशेष करून तुम्हाला, कारण टीव्हीवर आपल्याला बघून दादूस कसा उडतो ते तिला बघायचं होतं. तुम्हाला त्या संध्याकाळी जेवायला बोलावलं ते याचसाठी. तुम्ही म्हणालात, लिहायचं असतं तेव्हा मला एकांत लागतो.

आता तिच्या तोंडाला त्यांनी काळं फासलं होतं (आई मुळात गोरी पडली म्हणे, कोळणीच्या मानाने), भाड्याची नथ अडकवली होती आणि डोक्यात अर्धी बाग खोचली होती, हे मी मान्य करतो. रोज गाऊनवर ओढणी घेऊन बसणाऱ्या बाईला तुम्ही त्या सोंगात ओळखलं नाही, हा मी गुन्हा मानत नाही. पण कळल्यावर ‘सखू, चुकलो’ एवढं म्हणायचं होतं, विषय संपला असता. तुम्ही ग्रुपवर लिहिलंत: ‘समीक्षकाला नातं नसतं.’ आणि बाहेर पडलात. हे वाक्य तुम्ही कुठून आणलंत ते माहीत नाही, पण परत करता येत असेल तर बघा.

आईचा निरोप असा आहे, तिच्याच शब्दांत देतो: “त्याला म्हनावं, मी कोलीन वाटत नाय ना, मग तू पन भाऊ वाटत नाय.” मी तिला फोनवर म्हटलं, अगं, मनस्वीचं लग्न तोंडावर आलंय, मामा नाही तर पोरीला बोहल्यावर कोण आणणार? भटजी ‘मुलीच्या मामांनी मुलीला आणावं’ म्हणतील आणि सगळा मंडप दरवाजाकडे बघत बसेल. तर आई शांतपणे म्हणाली, “मामा भेटलाय. सुयश हाय ना.”

सुयश कोण, तर तो प्राणी.

मामा, हसू नका, हे खरं आहे. त्या हिरव्या कातड्याच्या आत जो पोरगा होता तो सुयश. कुठला तरी नाशिककडचा आहे, इथे कोणी नाही त्याचं. शूटिंगच्या वेळी बोंबलांचे टेक पुन्हा पुन्हा घ्यायला लागले, आईने दर वेळी ताजे तळून घातले, आणि तेव्हापासून तो सुट्टीच्या दिवशी जेवायला घरी येतो आणि आईला ताई म्हणतो. आईला ताई म्हटलं की तो झाला मनस्वीचा मामा, हा आईचा हिशोब, आणि त्यात प्रकाशवर्षं नाहीत म्हणून तुम्हाला चूक काढता येणार नाही. त्याच्यासाठी मामाचा फेटासुद्धा आणून झाला आहे. म्हणजे तुमच्या सख्ख्या भाचीला, गावासमोर, सगळ्या पाटलांच्या आणि म्हात्र्यांच्या समोर, परग्रहावरचा प्राणी बोहल्यावर घेऊन येणार, आणि तुम्ही जुईनगरला खिडकी लावून त्याच्यावर लेख लिहिणार. मथळा मी सुचवू का? ‘मामाच्या भूमिकेतील इसम मामा वाटतच नाही.’

 मनस्वीने मला एवढंच विचारलं की सुयशला नाही म्हटलं तर आई रडेल, आणि हो म्हटलं तर मी, मग काय करू? बाकी तुम्ही जाणते आहात, लिहिते आहात. मामीला नमस्कार, गुडघ्याला तेल, संपादकांना दम. पत्रात काही जास्त झालं असेल तर मी सातवीपर्यंतसुद्धा नीट शिकलेलो नाही असं धरून चाला.

तुमचा (तुम्ही नातं मानत नसलात तरी) भाचा,
रूपेश

ता. क. सुयशचा मला फोन आला होता. पोरगा घाबरला आहे. मामाने नवरीच्या कोणत्या बाजूला उभं राहायचं, अंतरपाट पडल्यावर काय करायचं, असं विचारत होता. मी म्हटलं, मला काय माहीत, मी मामा नाही. तो म्हणाला, मी पण नाही. तुम्ही आलात तर तो तुमच्या पाया पडेल. फेटा त्याच्या डोक्याला तसाही मोठा होतोय.

ता. क. दुसरा. आता हे आईला सांगू नका. तुम्ही चूक लिहिलं नव्हतं. तो आवाज आईचा नाही. चेहरा तिचा, हात तिचे, पण बोलणं नंतर स्टुडिओत कोणा दुसऱ्याच बाईकडून भरून घेतलं, आणि ती बाई आपली बोली अशी बोलते की म्हावरं पण पाटीतून उठून जाईल. भाग लागला त्या रात्री आईचं घर बायकांनी भरलं होतं आणि कोणी एक शब्द काढला नाही. आई म्हणाली, मशीनमधून आवाज जरा वेगळा येतो. गावात सगळ्यांनी ते मान्य करून टाकलं, आणि तुम्ही एकटे ते छापून मोकळे झालात, तेही न ओळखता. मी तो भाग इथे पुन्हा पुन्हा बघतो, पण आवाज बंद करून. तसा बघितला की ती कोळीण वाटते. तुम्हीही तसाच बघा.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं तर यासाठी. माझी रजा नामंजूर झाली. लग्नाला मी येत नाही. घरात कोणाला अजून माहीत नाही, आईने माझ्यासाठी कपडे शिवायला टाकलेत. फोनवर सांगायला गेलो की ती आधी ‘जेवलास का’ विचारते आणि मग मला पुढचं बोलता येत नाही. तर ते तुम्ही सांगा. मनस्वीला बोहल्यावर आणा, आणि नवऱ्याचा कान पिळायला भाऊ लागतो तिथेही तुम्हीच उभे राहा, जरा जोरात पिळा. आईकडे जाल तेव्हा जेवणाच्या वेळेला जा. ती आधी दार लावेल, मग ताट वाढेल. नीट जेवून घ्या आणि मग सांगा. आधी सांगितलंत तर त्या घरात कोणी जेवणार नाही.