धान्यकोठारातल्या होड्या

टर्नर्स फोर्ड, नेब्रास्का
गुरुवार, दुपारचे दोन

तीर्थरूप ऑरिनमामांस,

भाचीचा कोपरापासून नमस्कार. (कोपरापासून का, ते पुढे येईलच.) पायाच्या अंगठ्याची सूज उतरली का? डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय आणि तुम्ही ते फक्त डॉक्टरांसमोर पाळता, असं मामी फोनवर सांगत होती. इकडे मका खांद्याला लागलाय. आईचा गुडघा होता तसाच आहे, आणि तुम्ही पत्राला उत्तर देत नाही ही तिची तक्रारही होती तशीच आहे. मी बरी आहे, म्हणजे उभी आहे. मामीला सप्रेम.

मामा, भाची पोलिसात सार्जंट आहे हे तुम्ही तिकडे मेनच्या किनाऱ्यावर भेटेल त्याला सांगत सुटता. पण ते खातं म्हणजे सात माणसं, तीन गाड्या आणि एक कॉफीचं यंत्र, हे काही सांगत नसाल. तर या सात जणांच्या खात्यावर आमच्या नगरपरिषदेचे अध्यक्ष ग्लेन हॅवलिचेक यांची वर्षभर वक्रदृष्टी आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांनी ठराव आणला: खात्याने बाहेरच्या संस्थेकडून व्यावसायिक मानांकन मिळवावं, म्हणजे गावाला कळेल की आपले पोलीस रीतसर आहेत. मानांकन ऐच्छिक असतं, हे आमचे पोलीसप्रमुख हॅनेमनसाहेब यांनी भर सभेत उठून सांगितलं. त्यावर हॅवलिचेक म्हणाले, अगदी ऐच्छिक आहे, इच्छा नसेल तर खातं बंद करून काम कौंटीच्या शेरीफकडे देऊ. मग आम्हाला इच्छा झाली. शेरीफची गाडी इथे यायला चाळीस मिनिटं घेते हो. तेवढ्यात चोर चोरी करून, जेवून, भांडी घासून जाईल.

या मानांकनाची गंमत तुम्ही जाणताच. तपासनीस येतात आणि एकच गोष्ट बघतात: नियमावलीत जे लिहिलंय ते तुम्ही करता का, आणि केल्याचा पुरावा कुठे आहे. पण आमच्याकडे मुळात नियमावलीच नव्हती. हॅनेमनसाहेबांच्या भिंतीवर एक कागद होता, त्यावर ‘डोकं वापरा’ एवढंच लिहिलेलं. म्हणून मी तुमच्याकडे मागितली. तुम्ही तुमच्या मच्छीमार गावात तीस वर्षं साहेब होतात, स्वतः बसून नियमावली लिहिलीत, मानांकनही मिळवलंत. आणि मागितल्याबरोबर चारशे बारा पानं पाठवून दिलीत. तुमचे उपकार मानावेत की तुमच्या नावाने बोटं मोडावीत, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

चूक माझी, हे आधीच कबूल करते. (एकदाच. आईला सांगू नका.) चारशे बारा पानं कोण वाचणार? मी कॉम्प्युटरला सांगितलं, मामांच्या गावाचं नाव जिथे असेल तिथे आमच्या गावाचं घाल. ते झाल्यावर चाळताना ‘बंदर’ हा शब्द दिसला. नेब्रास्कात बंदर म्हटल्यावर हॅवलिचेकना लगेच वास आला असता की माल उसना आहे. मला वाटलं दोनतीन ठिकाणी असेल, एखाद्या पत्त्यात वगैरे. आमच्या गावात डोळ्यांत भरण्यासारखं एकच काय ते आहे, रेल्वेरुळांशेजारचं धान्यकोठार. म्हणून कॉम्प्युटरला म्हटलं, ‘बंदर’ काढ आणि ‘धान्यकोठार’ घाल. तो म्हणाला, दोनशे अकरा ठिकाणी घातलं. मीही काय हुशार, म्हटलं वा. मग साही जणांनी आणि साहेबांनी ‘वाचले, समजले’ खाली सह्या ठोकल्या आणि परिषदेने डोळे झाकून मंजुरी दिली.

तपासणीला सतरा दिवस उरले असताना ड्युवेन (आमचा गस्तीवरचा शिपाई, माणूस सोन्यासारखा, पण सोन्याइतकाच जड) दाताच्या डॉक्टरकडे ताटकळत बसला होता. जुनी मासिकं वाचून संपली म्हणून त्याने नियमावली उघडली. तिथूनच त्याने मला फोन केला, गालात कापूस धरून: ‘डार्लीन, आपण रोज सकाळी धान्यकोठारातल्या होड्या मोजतो का गं?’

मी उघडून पाहिलं. धान्यकोठारात नांगरलेल्या होड्यांची रोज सहा वाजता मोजणी करून भरती-ओहोटीसह नोंद ठेवावी. वादळात धान्यकोठाराच्या मुखाशी कंदील लावावा. धान्यकोठारात कुणी बुडत असल्यास आधी त्याचे बूट काढावेत. बरं, ही प्रकरणं वगळावीत, तर पहिल्याच प्रकरणात तुम्ही कलम घालून ठेवलंय: कुठलाही बदल तीस दिवस फलकावर लावून परिषदेपुढे मांडावा. म्हणजे हॅवलिचेकपुढे. मामा, इतकं काटेकोर लिहायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? मी साहेबांच्या खोलीत गेले, दार लावलं आणि सगळं सांगून रडले. सात जणांच्या पोटावर मी पाय दिला होता. साहेबांनी भिंतीवरच्या त्या कागदाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘डोकं वापरून झालंय तुझं. आता लिहिलंय ते करू.’

आणि आम्ही केलं. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी सहाला ड्युवेन गणवेशात धान्यकोठारावर. होड्या शून्य. भरती नाही. ओहोटी नाही. कोठाराचा व्यवस्थापक व्हर्नन पेत्स्का पहिल्या दिवशी म्हणाला, ‘काय रे, घरी भांडून आलास का?’ तिसऱ्या दिवशी तो ड्युवेनसाठी कॉफी काढून ठेवायला लागला. सहाव्या दिवशी ड्युवेनला दोन मिनिटं उशीर झाला तर व्हर्ननने स्वतःच मोजून ठेवल्या होत्या, आणि पुन्हा मोजायची काय गरज, म्हणून रुसला. प्रत्येक अधिकाऱ्याने पूर्ण गणवेशात पाण्यातून पन्नास यार्ड अंतर कापावे, असंही एक कलम निघालं. हमरस्त्यावरच्या मोटेलमालकाने तलाव दिला. हॅनेमनसाहेबांना पोहता येत नाही. पण ‘पोहून’ असं कुठे लिहिलंय, असं विचारून ते टोपी घालून उथळ बाजूने चार वेळा इकडून तिकडे चालत गेले. मी वेळ लावून फोटो काढले. तलावात एक कुटुंब होतं, ते बिचारं बाहेर येऊन अंग पुसायला लागलं.

मग प्रकरण एकोणीस. शेवंडी, म्हणजे तुमच्याकडचे ते लॉबस्टर. गावातल्या दुकानांत विकायला ठेवलेल्या शेवंडींची दरमहा मोजमापं घ्यावीत, डोळ्यापासून पाठीच्या टोकापर्यंत सव्वातीन इंचांहून कमी भरल्यास जप्त करावी. आमच्या किराणा दुकानात काचेच्या टाकीत तीन शेवंडी असतात. त्या विकत कुणी घेत नाही, लोक नातवंडांना दाखवायला नेतात. मी ड्युवेनला बजावलं होतं, नुसतं मोजल्यासारखं कर आणि ये. पण ड्युवेनला ‘सारखं’ करता येत नाही, तो करतोच. तिसरी एक सूत कमी भरली. त्याने दुकानदारासमोर पंचनामा केला आणि ती बादलीत घालून मुद्देमालाच्या खोलीत आणली. चोरीच्या सायकली, एक चेनसॉ आणि त्यांच्यामध्ये ही बाई. शाळेतल्या विज्ञानाच्या मास्तरांनी टाकी आणि खारं पाणी करून दिलं, पेट्रोलपंपावरून रोज बर्फ आणला. मुद्देमालाला फक्त क्रमांक द्यायचा असतो, पण ड्युवेनने तिला ऑगस्टा म्हणायला सुरुवात केली. आता हॅनेमनसाहेबही सकाळी आले की आधी तिच्याकडे डोकावतात आणि मग आम्हाला गुड मॉर्निंग म्हणतात.

सोमवारी तपासनीस आल्या. कॅप्टन विनिफ्रेड ओक्स, ओहायोच्या, निवृत्त, चष्मा दोरीला आणि हसू बहुधा घरी ठेवलेलं. पहाटे उठून त्या थेट कोठारावर. ड्युवेन मोजत होता, व्हर्नन टोपी काढून शेजारी उभा. त्यांनी विचारलं, होड्या किती. शून्य. काल? कालही शून्य, बाई. मग मोजता कशाला? ड्युवेन म्हणाला, ‘लिहिलंय म्हणून. आणि उद्या एखादी आली तर आपल्याला कळायला नको का?’ मी गाडीआड उभी राहून देवाचं नाव घेत होते. बाईंनी सतरा दिवसांच्या नोंदी चाळल्या, साहेबांचे तलावातले फोटो पाहिले, ऑगस्टाच्या टाकीपुढे वाकून चष्मा लावला. संध्याकाळी मला बोलावून म्हणाल्या, ‘सार्जंट, मी बावीस वर्षं खाती तपासतेय. नियमावल्या उसन्या असतात हे मला कळत नाही असं समजू नका. पण उसनी नियमावली पाळणारं खातं मी पहिल्यांदा पाहिलं.’ मामा, मी त्या बाईंच्या गळ्यात पडले. त्यांना ते आवडलं नाही, पण मला पर्वा नव्हती.

तर असं आहे. सगळं तुमच्या आशीर्वादाने पार पडलं म्हणायचं. अंगठ्याला जपा, मामीला त्रास देऊ नका, आईला दोन ओळी लिहा.

तुमची,
डार्लीन

ता. क. ‘सगळं’ म्हणजे एक मुद्दा सोडून सगळं. प्रकरण एकोणीस, कलम नऊ: जप्त शेवंड पंधरा दिवसांत मूळ समुद्रात, सेवेतल्या किंवा निवृत्त पोलीस अधिकाऱ्याच्या हस्ते, साक्षीदारासमक्ष सोडावी आणि फोटो जोडावा. त्यातले बारा दिवस गेलेत. हा एक फोटो आला की बाई मानांकनावर सही करणार आहेत. नाही आला तर खातं शेरीफकडे. समुद्र तुमच्याकडे आहे, निवृत्त अधिकारी तुम्ही आहात, साक्षीदार मामी. हे पत्र ज्या खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलंय त्यातच, ओल्या वर्तमानपत्रात, ऑगस्टा आहे.

ता. क. २. भाचीने प्रेमाने खाऊ पाठवला असं समजून तुम्ही खोकं उघडलं असणार, आणि पत्र नंतर चष्मा सापडल्यावर वाचत असणार. मामा, ती खाऊ नाही. ती मुद्देमाल आहे.

ता. क. ३. खाल्ली तर बाजारातून तशीच दुसरी आणून फोटो काढू, असं तुमच्या मनात येईल, कारण माझ्याही आलं होतं. पण पंचनाम्याशिवाय एक सूत कमी असलेली शेवंड तुमच्याकडे जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, आणि फोटोत ती तुमच्या हातात दिसेल. तेव्हा आधी गॅस बंद करा, मग हे पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचा.