सुशीने लावलेली चाल

पिंपरी, रविवार, जानेवारी १९७४

ह्यांनी शेवटचं गाणं लिहिलं, पण चाल लावायच्या आधीच गेले. वर्षभर ह्यांच्या गायन पार्टीतलं कुणी त्याला हात लावेना. आज सगळे जमले असताना आमच्या सुशीने पेटी पुढे ओढली आणि ते स्वतःच्याच चालीत म्हटलं. अंतरा एकदम वर नेला. ह्यांनी असा कधीच नेला नसता.

ढोलकीवाले सलीमभाई म्हणाले, "बेटी, ही भाऊंची चाल नाही."

"माझी आहे, काका."

मला राग आला की रडू, अजून कळत नाही. तो वर गेलेला अंतरा डोक्यातून जात नाही. ह्यांना आवडला असता का?

सलीमभाईंनी ढोलकी मांडीवर घेतली. "पुन्हा म्हण."

तिसऱ्या वेळी मीही गायला लागले.