डेल हार्मनची अकरा मिनिटं

बेसिंगस्टोक,
९ सप्टेंबर २००६

तीर्थस्वरूप पुरुषोत्तममामांना,

मिलिंदचा साष्टांग नमस्कार. (डावा खांदा पट्ट्यात बांधलेला आहे, तेव्हा आठाऐवजी सातच अंगांचा समजून घ्यावा.) तुमची शुगर आटोक्यात आहे ना? मामींचा गुडघा काय म्हणतो? हे सगळं फोनवर विचारलं असतं, पण तुमच्याकडचा फोन मामी उचलतात आणि माझं बोलणं संपायच्या आत बातमी आईकडे पोचलेली असते. म्हणून पत्र.

मी इथे सॉफ्टवेअरच्या कामाला आलो, हे तुम्हाला ठाऊकच आहे. अमेरिकन फुटबॉल खेळायला आलो नव्हतो, याबद्दल माझीही खात्री होती. पण आमच्या बिझनेस पार्कच्या जिममध्ये डेल हार्मन नावाचा एक ट्रेनर आहे. वय अडतीस, दारातून येताना किंचित वाकावं लागेल अशी उंची, आणि केस डाव्या हाताने विंचरतो, कारण उजवा हात खांद्याच्या वर नेला की कळ येते. हा माणूस अमेरिकेत सहा वर्षं व्यावसायिक क्वार्टरबॅक होता. (या फुटबॉलला पाय फारसा लागत नाही. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात चेंडू येतो आणि कुणाकडे फेकायचा हे ज्याला तीन सेकंदांत ठरवावं लागतं. तेवढ्यात सव्वासव्वाशे किलोची चार माणसं त्याला आडवं करायला निघालेली असतात.) बायको इथली म्हणून तो इथे आला आणि त्याने हौशी लोकांचा एक संघ उभा केला; त्यात क्वार्टरबॅक अर्थात तोच. त्या संघात माणसं कमी पडत होती. गेल्या वर्षी एकदा मी ट्रेडमिलवर पळत असताना तो बाजूला येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तू पळतोस की!" मी हो म्हणालो. एवढ्यावर माझी निवड झाली.

माझं वजन छप्पन्न किलो. त्यांच्याकडच्या सर्वांत लहान हेल्मेटमध्ये मी मान वळवली की मान वळायची, हेल्मेट तिथंच राहायचं, आणि मला कानाजवळचा स्पंज दिसायचा. माझं काम एकच होतं. शिट्टी झाली की एका कडेने जीव तोडून पळायचं, म्हणजे समोरच्यांचा एक माणूस माझ्यामागे येईल. चेंडू माझ्याकडे येण्याचा प्रश्नच नव्हता. जुलैपर्यंत तर माझ्यामागे माणूस यायचाही बंद झाला.

प्रॅक्टिसनंतर डेल मला घरी सोडायचा आणि मी त्याला खोदून खोदून विचारायचो. नऊ हजार वस्तीच्या गावातला मुलगा. कॉलेजात असताना गावाने त्याच्या नावाचे फलक लावले होते. व्यावसायिक झाला आणि बाकावर बसला. सहा वर्षांत चार संघ. डोक्यावर टोपी, हातात डावपेचांचे कागद, आणि मैदानावर एकूण अकरा मिनिटं. (मी हिशोब करून वर्षाला दोन मिनिटंसुद्धा पडत नाहीत असं सांगितलं. त्याने सिग्नलला गाडी थांबवली. मग म्हणाला, "पण मी प्रत्येक रविवारी तयार होतो.") मला वाटायचं, बिचारा! आणि मग हे असं वाटल्याची लाजही वाटायची.

गेल्या रविवारी कॉव्हेंट्रीला सीझनची शेवटची मॅच होती. खांदा आणखी वापरलास तर चमचाही उचलता येणार नाही, असं डॉक्टरांनी बजावल्यामुळे डेलचीही ती शेवटचीच. आम्ही चार गुणांनी मागे होतो आणि चाळीस सेकंद उरले होते. आमच्या क्रेगभोवती, म्हणजे आमच्यातल्या एकमेव खऱ्या खेळाडूभोवती, तिघे जण उभे. मी कडेने पळून टोकाला पोचलो तर आसपास चिटपाखरू नाही. मी सवयीने हात वर केला. आणि मामा, चेंडू आला! गरगरत, सरळ, अगदी माझ्या छातीवर. मी तो दोन्ही हातांनी पकडला, म्हणजे पकडला असं मला वाटलं. मग तो निसटला, मी त्याच्यामागे झेपावलो आणि खांद्यावर पडलो. चेंडू गेला, मॅच गेली, कॉलरबोन मोडलं.

तिथल्या हॉस्पिटलात डॉक्टर निघाल्या साताऱ्याच्या, सुमेधा नावाच्या. एक्स-रे बघून त्यांनी स्वच्छ मराठीत विचारलं, "कुणी सांगितलं होतं हो तुम्हाला?" याचं उत्तर माझ्या शेजारी बसलं होतं, खांद्यावर बर्फाची पिशवी धरून.

बाई बाहेर गेल्यावर मी डेलला सॉरी म्हणालो. तो म्हणाला, "कशाबद्दल? तू मोकळा होतास."

मग त्याने आजवर न सांगितलेलं सांगितलं. त्याच्या अकराव्या मिनिटाला डावीकडे एक नवखा खेळाडू एकटाच उभा होता, हात वर करून. डेलने त्याला पाहिलं होतं. पण कोचचा हुकूम होता की चेंडू उजवीकडच्या नावाजलेल्या खेळाडूलाच द्यायचा. दिला. तो विरुद्ध संघाने झेलला. आठवड्याने डेलला काढून टाकलं. "मॅच गेली ते मी विसरलो," तो म्हणाला. "तो वर केलेला हात मात्र दहा वर्षं दिसतो आहे. आज पुन्हा हात दिसला, आणि मी तिकडेच फेकला. माझं काम झालं. झेलायचं काम तुझं होतं, आणि ते तू फार वाईट केलंस." एवढं बोलून तो इतका हसला की नर्स बघायला आली. मला हसवत नव्हतं. हसलं की हाड दुखत होतं. पण हरलेला माणूस इतका हलका झालेला मी पहिल्यांदाच पाहिला.

मामींना नमस्कार सांगा. प्रकृतीला जपा, मला हे सांगायचा हक्क सध्या उरलेला नाही, तरीही.

तुमचा, एका हाताने कामकाज चालवणारा भाचा,
मिलिंद

ता. क. : आईला मी बाथरूममध्ये घसरलो असं सांगितलं आहे. तिने रबरी पायपुसणं कुरिअरने पाठवलंसुद्धा. कृपया सांभाळून घ्या.

ता. क. २ : डेलचा आत्ताच फोन आला. एप्रिलमध्ये "फक्त एक मॅच" खेळणार म्हणतो. मी येणार का, असं विचारत होता. मी नाही म्हणालेलो नाही.

ता. क. ३ : खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं. तुम्ही दोन वर्षं विदर्भाच्या रणजी संघात राखीव यष्टिरक्षक होतात, एकही मॅच मिळाली नाही, आणि मग तुम्ही वीज मंडळात लागलात, एवढंच मला आईकडून, तेही एकदाच, कळलं आहे. परक्या माणसाला मी वर्षभर प्रश्न विचारत बसलो, आणि प्रत्येक उन्हाळी सुट्टी तुमच्या घरी काढून तुम्हाला एकदाही विचारलं नाही. ती दोन वर्षं कशी होती, मामा? लिहाल का? थोडक्यात नको. हात सहा आठवडे बांधलेला आहे, वाचायला वेळच वेळ आहे.